कबरीत कोणी उतरावे याविषयी

मी नौबहार महल, पूर्वीची रमजानी, तंबाखूवाल्याची मुलगी, वय एक्कावन्न, राहणार गोलागंज, लखनौ. खोकल्याने छाती पोखरली असली तरी डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपखुशीने लिहून ठेवते की:

राहते घर माझी दासी गुलशब्बो हिला द्यावे. महालातल्या कोणी हक्क सांगितल्यास तिने खुशाल दार लावून घ्यावे.

चांदीचे पानदान बहिणीच्या सुनेला. बहिणीला नव्हे. बादशाही होती तोवर ती रोज यायची, नंतर रस्ता विसरली.

बादशहांशी माझा निकाह मुदतीचा, दोन वर्षांचा होता. मुदतीचा एक दिवस उरला असताना मला मुलगा झाला. बड्या बेगम जहाँआफ्रीन यांना मूल नव्हते. बाळंतिणीच्या खोलीत येऊन म्हणाल्या, "पोर माझं म्हणून जाहीर होईल. तुझी मुदत जन्मभराची करून देते. नाहीतर उद्या जा बापाच्या दुकानी, कूट तंबाखू!" मी भ्याले आणि मूल दिले. अल्लाहने मला माफ करावे. जहाँआफ्रीन मेली, तरी तिला मी माफ करत नाही.

तो मुलगा म्हणजे मिर्झा सिपहरबख्त. दहा वर्षांचा असताना त्याच्या ताटातल्या माशाचा काटा मी काढला, तर मला मावशी समजणारा तो म्हणाला, "खालाजान, तुम्हाला मूल नाही म्हणून माझ्या ताटात हात घालता का?" सगळ्याजणी हसल्या. मलाही हसावे लागले.

बाईला कबरीत नवऱ्याने किंवा रक्ताच्या पुरुषाने उतरवावे, हा आमचा रिवाज. बादशहा, बाप, भाऊ, भाचा सगळे गेले. उरला हा एकटा. पण तो उतरला तर गुपित फुटेल, आणि बड्या बेगमेचा वारस म्हणून इंग्रज सरकार त्याला देते ती नेमणुकीची रक्कम बंद होईल. त्याला चार मुली आहेत.

म्हणून हा कागद मौलवीसाहेबांनी दफनाआधी फक्त त्याच्या हाती द्यावा. घराचा आणि पानदानाचा वेगळा कागद मौलवीसाहेबांपाशी आहे, तेव्हा हा त्याने वाचून जाळला तरी चालेल.

बेटा, तू उतरू नकोस. परका उतरवील, त्याचे पाप माझ्या माथी. तू काठावर उभा राहा. माती सगळेच तीन मुठी टाकतात. तू चौथी टाक. कोणी विचारले तर म्हण, मोजताना चुकलो.

साक्षीदार, दोघेही गप्प राहण्याची शपथ घेतलेले:
मौलवी तफज्जुल हुसैन
गुलशब्बो (अंगठा)

लखनौ, ११ सफर, हिजरी १२८४
सही: रमजानी