फरशीच्या अर्जावरचा एक शब्द

प्रिय करीम मास्तर,

आधीच सांगतो, पत्रात चुका असतील. मराठी दुसरीपर्यंत शिकलेल्या शिंप्याकडून तुम्ही दहा वर्षं अर्ज लिहून घेतले, पण पत्र लिहायला कधी शिकवलं नाही. गेलेल्या माणसाला तर नाहीच. वर पत्ता काय घालायचा, याच विचारात सकाळ गेली.

पुढच्या शुक्रवारी आपल्या कारभार शाळेची दहावी सालगिरह आहे. तुमच्याशिवायची पहिली. गंगाबाईनं, आपल्या अर्धापूरच्या केळीवालीनं, सगळं अंगावर घेतलंय. ओट्याला चुना झाला, सतरंज्या सांगून झाल्या. परवा मला म्हणाली, "मामा, फरशीची गोष्ट तुमीच सांगायची. कागद तुमच्याच हातानं गेला हुता न्हवं?"

तेव्हापासून मला जेवण जात नाही. का जात नाही, हे तुम्हालाही माहीत नाही. तेच सांगायला लिहायला बसलो आहे.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात तो दिवस आठवतो? शेरवानीची बाही आखूड करायची होती. माप देता देता तुमची नजर माझ्या पाटीवर गेली. मराठीत आणि उर्दूत, दोन्हींत रंगवलेलं होतं: 'फिदवी टेलर'. तुम्ही विचारलंत, हे आडनाव कुठलं? मी छाती फुगवून सांगितलं की आमच्या बापाला सरकारनं दिलेला मान आहे. बापाच्या एका जुन्या दरख्वास्तीखाली, म्हणजे अर्जाखाली, 'फिदवी सटवाजी' असं लिहिलेलं होतं. कोणीतरी वाचून दाखवलं, आणि ज्याला वाचता येत नव्हतं त्या माझ्या बापाला वाटलं, रावसाहेब असतं तसं हे फिदवी. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत सुद्धा छापलं होतं हो!

तुम्ही हसला नाहीत. स्टुलावर बसलात आणि हळू आवाजात म्हणालात, "टेलर मास्तर, फिदवी म्हणजे मालकावरून जीव ओवाळून टाकणारा चाकर. अर्जनवीस प्रत्येकाच्या नावाआधी तेच लिहितात. माझ्याही बापाच्या नावाआधी लिहिलं होतं."

मी त्याच दिवशी पाटी उतरवली. बायकोला वाटलं, दुकानच बंद केलं.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी, हैदराबाद सरकारच्या कचेऱ्यांना सुटी म्हणून, तुम्ही माझ्या ओट्यावर ही कारभार शाळा भरवलीत. म्हणालात, "हैदराबादेत विद्यापीठात मोठ्यांच्या मुलांना राज्य कसं चालतं ते शिकवतात. मी ते शिकून आलो. पण ज्यांच्यावर ते चालतं, त्यांनाही कळायला नको का?" पहिल्या दिवशी किती माणसं होती? मी, गंगाबाई, आणि पावसामुळे ओट्यावर थांबलेला एक टांगेवाला. पाऊस उघडल्यावर तोही गेला.

तुमचा पहिला धडा फक्त एका ओळीचा होता. अर्जाच्या खाली 'अर्जदार' लिहायचं, नाव लिहायचं, गाव लिहायचं, आणि थांबायचं. दुसरा धडा मला जास्त अवघड गेला. तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही. 'नाही' म्हणायचं असेल तर साहेबांनी कागदावर म्हणावं.

तुम्हाला एक बोलू का? तुम्ही घाबरत नव्हता, म्हणून तुम्हाला वाटायचं की न घाबरणं शिकवता येतं. माझ्याकडे नीट पाहायला हवं होतं तुम्ही. कापडाला कात्री लावण्याआधी तीनदा मापणारा माणूस मी. अशा माणसाच्या हाती तुम्ही फरशीचा अर्ज का दिलात?

गल्लीच्या टोकाला नाला होता. पावसाळ्यात पोरं शाळेला जायची तर कमरेएवढ्या पाण्यातून. त्यावर दगडी फरशी टाकून मिळावी, म्हणून गल्लीनं अर्ज केला. तुमच्या सुंदर उर्दूत तो तुम्ही लिहिलात. खाली अकरा सह्या, सात अंगठे. तुम्ही त्या दिवशी तापानं पडला होतात, म्हणून कचेरीत मी घेऊन गेलो.

तिथल्या अहलकारानं, म्हणजे कारकुनानं, कागद खालपासून वर पाहिला. म्हणाला, "नीचे फिदवी नइं लिखे? ऐसा कागज अंदर जाता क्या?"

मास्तर, आख्ख्या उर्दूत मला तेव्हा एकच शब्द लिहिता येत होता. पाटीवर बारा वर्षं पाहिलेला. मी त्याचीच लेखणी मागितली आणि अठरा नावांआधी अठरा वेळा तो शब्द लिहिला. गंगाबाईच्या अंगठ्याआधी सुद्धा. कोणाला विचारलं नाही. हात एकदाही थरथरला नाही, याची मला अजून लाज वाटते.

दिवाळीच्या आत नाल्यावर फरशी पडली. तुमचा आनंद मी विसरू शकत नाही. दर वर्षी नव्या माणसांना तुम्ही सांगायचात: पाहा, एकदाही चाकर न म्हणवता अठरा माणसांनी सरकारकडून फरशी मिळवली. आणि माझ्याकडे बोट करायचात. मी सुईत दोरा ओवत बसायचो. तुम्हाला वाटायचं, लाजतोय.

गेल्या आषाढात मुदतीच्या तापानं तुम्हाला धरलं, तेव्हा मी सांगायला आलो होतो. दोनदा आलो. पहिल्यांदा तुमच्या आम्मा उशाशी होत्या. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं, तरी मी अंगरख्याच्या बटणांविषयी बोललो आणि उठून आलो. तुम्ही का नाही विचारलं? तुम्हाला तर माणसाच्या तोंडावरचं वाचता यायचं!

आता खरी अडचण ऐका. सालगिरहला माणसं जमणार, म्हणजे सरकारची परवानगी लागते. दर वर्षी तुमचा अर्ज जायचा. या वर्षी मी लिहिला, माझ्या नावानं. काल कचेरीत गेलो. तोच अहलकार, आता चष्मा लागलाय. कागद खालपासून वर पाहिला आणि तेच वाक्य बोलला. मी लेखणी मागितली नाही, हे खरं. पण नकार लिहून द्या, असंही म्हणालो नाही. कागद घडी करून खिशात घातला आणि तोंडी नकार घेऊन घरी आलो. तुमचे दोन्ही धडे मी एकाच आयुष्यात बुडवले.

घरी गंगाबाई वाट पाहत होती. तिला सगळं सांगून टाकलं, कालचंही आणि फरशीचंही. वाटलं, ही आता शिव्या घालणार. ती पाटीतल्या केळ्यांवरची पानं सारखी करत राहिली. मग म्हणाली, "माझ्या अंगठ्यालाबी चाकर केलं व्हय तुमी?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मंग मामा, ती फरशी कागदानं पडली का त्या शब्दानं, हे कुणाला ठाव?"

मास्तर, रात्रभर हेच डोक्यात फिरतंय. कोणालाच ठाऊक नाही. तुमचा अर्ज मी नुसताच जाऊ दिला असता, तर कळलं असतं. कदाचित फरशी पडलीही असती. कदाचित पोरं अजून पाण्यातून गेली असती. मी तुमच्याकडून ते कळण्याची संधीच काढून घेतली. खरं लपवलं त्यापेक्षा हे मला जास्त टोचतं.

म्हणून वचन देतो. उद्या कचेरी उघडताच मी तोच कागद घेऊन जाईन. खाली 'अर्जदार किसन सटवाजी, राहणार नांदेड', एवढंच असेल. घेतला नाही, तर म्हणेन, साहेब, घेत नाही म्हणून लिहून द्या. भीती वाटेलच, पण घाबरत घाबरतही उभं राहता येतं. गंगाबाई सोबत येणार आहे. केळ्यांची पाटी बाहेर ठेवून आत येते म्हणाली.

परवानगी मिळाली तर शुक्रवारी ओट्यावर, सगळ्यांपुढे, फरशीची गोष्ट सांगेन. जशी घडली तशी. नाही मिळाली, तर नकाराचा कागद शाळेच्या भिंतीवर लावेन. तोही आपल्या शाळेनं मिळवलेलाच कागद असेल ना?

सरकारी कागदावर तो शब्द मी पुन्हा लिहिणार नाही. पण उर्दूत मला पहिला आलेला शब्द तोच, आणि त्याचा अर्थ सांगणारे तुम्ही. तेव्हा एकदाच, कोणी न मागता, माझ्या मर्जीनं लिहितो.

तुमचा फिदवी,
किसन टेलर मास्तर