पथ्य आणि पत्तियम यांतील फरकाबाबत

प्रति,
मा. श्री. कृष्णस्वामी राव,
कर्मचारी कल्याण अधिकारी,
मोटार सुटे भाग कारखाना, युनिट दोन,
इरुंगाट्टुकोट्टै, चेन्नई.

विषय : घरचा डबा फाटकातून आत आणू देण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा पथ्याविषयीचा पहिला अर्ज, व त्याने ओढवलेले सर्व काही.

महोदय,

१. अर्जदार पुष्कर आमडेकर हा आपल्या तपासणी विभागात अभियंता असून त्यास आयबीएस, म्हणजे आतडी जराशाने बिथरण्याचा विकार आहे. टी. नगरच्या डॉक्टरांनी कांदा, लसूण, तूरडाळ व दूध वर्ज्य करून मऊ भात, गाजर, पडवळ, वेळेवर जेवण, रोज चालणे आणि मनाची शांतता सांगितली आहे. चालणे तेवढे अर्जदाराच्या हाती आहे. बाकी सर्व आपल्या कार्यालयाच्या हाती असून तेथेच अडकले आहे.

२. बाहेरचे अन्न आत आणण्यास बंदी असल्याने अर्जदाराने कँटीनमध्ये ‘पथ्याचे जेवण’ मागितले. आपण तंजावरकडील मराठी, म्हणून त्याने हौसेने अर्ज मराठीत केला. आपल्या घराण्याने इतक्या पिढ्या भाषा जपली याचा त्यास अभिमान वाटला होता. तो आता ओसरला आहे. आपण ‘पथ्य’ वाचलेत आणि कँटीनला त्याचा तमिळ अवतार ‘पत्तियम’ कळवलेत. इकडे पत्तियम म्हटले की लोकांना आधी बाळंतीण आठवते, हे अर्जदारास ठाऊक नव्हते. आपणांस होते.

३. परिणामी कँटीनच्या सीतालक्ष्मी अम्मांनी अख्ख्या लसूणपाकळ्यांचे कुळंबु, म्हणजे चिंचेचे कालवण, मायेने वाढले, वर अंगात दूध भरावे म्हणून चमचाभर लेह्यम दिले आणि बाळ कसे आहे, अशी चौकशी केली. अर्जदार अविवाहित आहे. भिडेखातर त्याने ते खाल्ले. दुपारभर तो तपासणीच्या टेबलावर कमी आणि शौचालयात जास्त होता, व तेथे बसून तो रडला, हेही तो लपवीत नाही. सुपरवायझर पद्मनाभ यांनी ‘जागेवर नसतो’ असा शेरा मारला आहे. असे शेरे साठले की नोकरी पक्की होत नाही.

४. याबाबत अर्जदार आपणांस भेटला असता आपण म्हणालात, “पुष्करराव, पत्तियम म्हटलें की लसूण आलाच. आमची आई हेंच खाऊन उठली.” आपल्या मातोश्रींविषयी अर्जदारास आदर आहे, परंतु त्यांचे पोट बिघडले नव्हते, त्यांना मूल झाले होते. पुढे आपण त्याच्या तक्रारीची दखल घेऊन आरोग्य सप्ताह भरवलात, ‘आपले पोट, आपली जबाबदारी’ असा फलक लावलात आणि सर्व विभागांसमोर अर्जदाराकडून पवनमुक्तासन करवून घेतलेत. या आसनाचे नाव काय व अर्जदाराचा आजार काय, याचा विचार एकाही सुज्ञाच्या मनात आला नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते असे.

५. त्यानंतर अर्जदाराने डबाच आणला. तो फाटकावर जप्त झाला. मऊ भातापासून कारखान्यास कोणता धोका आहे, हे सुरक्षारक्षकास सांगता आले नाही. आपण नियम पाहिलात, आणि घरचे अन्न आणण्याची सवलत फक्त ‘नुकत्याच प्रसूत कर्मचाऱ्यां’ना आहे, असे सांगितलेत. अर्जदार हताश झालेला पाहून आपण आवाज खाली आणून म्हणालात, “त्या कलमांत तुम्हांस बसवूं. तशी नोंद कँटीनमध्यें आहेच.”

६. अर्जदाराने यावर संतापून पाहिले, हसून पाहिले, उपाशी राहूनही पाहिले. पोटापुढे पुरुषार्थ टिकत नाही. सबब सदर कलम त्यास मान्य आहे. उद्यापासून डबा सोडावा.

७. मात्र ज्या अर्थी हे कार्यालय अर्जदारास बाळंतीण मानते, त्या अर्थी कायद्याने देय असलेली सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजाही मंजूर व्हावी. डॉक्टरांनी सांगितलेली मनाची शांतता अर्जदारास तेवढ्या काळात, आपल्यापासून दूर, नक्की मिळेल.

आपला नम्र व आपल्याच कृपेने प्रसूत,
पुष्कर आमडेकर
इरुंगाट्टुकोट्टै, १२ ऑगस्ट २०२५

सोबत : डॉक्टरांचे पत्र. बाळाचा जन्मदाखला आपल्या कार्यालयानेच जोडावा.