रॉस्कोची चिठ्ठी, होती तशी

टर्की क्रीक, केंटकी
दि. ४ जून १९५६

चि. आयडेल हिस, या डोंगराएवढे आशीर्वाद.

तुझ्या लक्षात नसेल म्हणून आठवण देते, मी तुझी आजी. ऑर्लीना. खाली तीनच दात उरलेली. तुझी आई तुझ्या जन्माच्या वेळी गेली, तेव्हापासून तुला वाढवलं ती. गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपली भेटही झाली होती. जाताना तू छत्री विसरलीस आणि मला सांगून जायचं विसरलीस. छत्री पोस्टात ठेवली आहे.

हे पत्र पोस्टातली झेल्फा लिहिते आहे. मी म्हणेन तसंच लिही, मध्ये शहाणपणा नको, असं तिला बजावलंय. ती पेनाचं टोक चावते आहे.

आता मुद्द्याचं. दर वर्षी टेकडीवर आपल्या माणसांच्या थडग्यांपाशी सगळे जमतात, तेव्हा तुझ्या बापाची चिठ्ठी वाचतात. खाणीचं छत कोसळून रॉस्को आत अडकला, तेव्हा जेवणाच्या डब्यातल्या कागदावर त्याने पेन्सिलीने लिहिलेली. अठरा वर्षं ती आपल्या पाद्र्याने, ब्रदर एनसने वाचली. तो या हिवाळ्यात गेला, म्हणून यंदा तुला उभं केलं. शिकलेली नात, मास्तरीणबाई. मी नवी टोपी घातली होती.

तू छान वाचलंस. बायका रडल्या. मी नाही रडले. मला अक्षर कळत नाही, पण अठरा वेळा ऐकलेलं पाठ आहे, एनस कुठे खाकरायचा तेसुद्धा. रॉस्को म्हणतो, श्वास 'स्लो' घेतोय. तू वाचलंस 'स्लोली'. त्याच्याबरोबर अडकलेला हेज 'क्वाएट' गेला, त्याचं झालं 'क्वाएटली'. पोरीला 'जेंटल' वाढव, तिथे 'जेंटली'. तीन शेपट्या, आयडेल. त्या पोराच्या छातीत हवा किती उरली होती? तो शेपट्या लावत बसला असता का?

कागद तुझ्याकडे आहे. अक्षर पुसट झालं, नक्कल करते, म्हणून ईस्टरला नेलास. त्या रविवारी वाचलास आणि परत पर्समध्ये घातलास. मला नक्कल नको. तोच कागद हवा. मी त्याच्यावरून बोट फिरवते. माझा पोरगा पेन्सिल दाबून लिहायचा, त्याचे खळगे बोटाला लागतात.

झेल्फा म्हणते, शेवट तरी गोड कर. बरं. खोकला गेला. माया आहे तिथेच आहे, तिला पाय नाहीत. कागद पाठव.

तुझी आजी
(तिची फुली ×)


लेक्सिंग्टन
दि. १३ जून १९५६

ती. आजीस, मान खाली घालून नमस्कार, वि. वि.

झेल्फाकाकू, हे वाचून दाखवताना काही गाळू नका, ही विनंती.

आजी, कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, घरचे कसे आहेत. मी म्हटलं, आजीचं 'रिअल गुड' चाललंय. वर्ग हसला, 'रिअली वेल' म्हणायला हवं होतं. सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले. माणूस किंवा वस्तू कशी आहे ते सांगणारं विशेषण इकडे, काम कसं झालं ते सांगणारं क्रियाविशेषण तिकडे. वाईट माणूस नव्हते, समजावून सांगत होते. पण त्या दिवसापासून तोंड उघडायच्या आधी मी प्रत्येक शब्द कुठल्या रकान्यातला ते बघते. बसमध्ये, दुकानात, पाव मागतानासुद्धा.

त्या रविवारी आमचे मुख्याध्यापक मि. प्रुएट सपत्नीक आले होते. ते बाबांना हसतील, अशी मला धास्ती होती. बाबांच्या थडग्याशी उभं राहूनही मला तीच धास्ती होती. निघताना मिसेस प्रुएट माझा हात धरून म्हणाल्या की त्यांना फार 'बॅडली' वाटतंय. सरांच्या रकान्यांप्रमाणे तिथे नुसतं 'बॅड' हवं, मनाची स्थिती सांगताना शेपटी लागत नाही. त्यांना कोणी हसलं नाही. मीही नाही.

शब्दकोशही उघडला. 'स्लो' हा शब्द असाच, बिनशेपटीचा, कामालाही शेकडो वर्षं लावत आले आहेत. बाबा चुकलेलेच नव्हते. हे मी आधी का पाहिलं नाही?

कागद सोबत आहे. पण तो होता तसा नाही, आजी. ईस्टरच्या सुट्टीत मी पुसट अक्षरं शाईने गिरवायला बसले आणि गिरवता गिरवता त्या तीन शेपट्या जोडल्या. हात घसरला नव्हता. माझ्या बापाला कोणी अडाणी म्हणू नये, असं वाटलं. टेकडीवर मी कागदावर होतं तेच वाचलं. ते मीच लिहिलेलं होतं. तुझं पत्र आल्यावर खोडरबर घेतलं. 'क्वाएट'पाशी कागद फाटला, तेव्हा थांबले.

बाबांचे शब्द आता फक्त तुझ्याजवळ आहेत. झेल्फाकाकूंकडून लिहवून घेशील का? नाही म्हणालीस तर तोही तुझा हक्क.

माझ्यासाठी जेवढी माया उरली असेल तेवढी असू दे.

तुझी आयडेल


टर्की क्रीक
दि. १ जुलै १९५६

चि. आयडेल हिस आशीर्वाद. द्यावा की नाही याचा दोन आठवडे विचार केला, मग दिला.

कागद पोचला. बोट फिरवलं. सगळं गुळगुळीत. खळगे बुजले. फाटल्या जागी बोट आरपार गेलं. झेल्फाला म्हटलं, चुलीत घाल, कागदही आणि पोरीचं पत्रही. तिने दोन्ही टपालाच्या पेटीत दडवलं आणि मला खोटं सांगितलं. आता लिहिताना लाल झाली आहे. होऊ दे.

चार दिवस मी तुझं नाव घेतलं नाही. टेकडीवर जाऊन रॉस्कोकडे तुझी चहाडी केली. तिथे बसल्या बसल्या खाणीची कचेरी आठवली. त्याला बाहेर काढल्यावर मला तिथे कागद दिला, सही करा म्हणाले. मी फुली मारली. कारकुनाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. पोरगा पलीकडे कांबळ्याखाली होता आणि मला वाटत होतं, देवा, निदान नाव लिहिता आलं असतं. तेव्हा शरम काय करायला लावते, ते तू मला शिकवू नकोस.

आता लिही, झेल्फा, आणि काही दुरुस्त केलंस तर तुझं पेन मोडीन:

आई, हवा जड झाली. आम्ही सातजण आहोत. भिंतीला टेकून बसलोय, श्वास स्लो घेतोय. हेज गेला. क्वाएट गेला. दुखत नाही. माझे रविवारचे बूट हेजच्या भावाला दे. पोरीला जेंटल वाढव. दिवा आहे अजून. रॉस्को.

एवढंच. लिहून झेल्फाने पेन खाली ठेवलं.

तुला जेंटल वाढव म्हणाला तो. वय बावीस झालं तरी ते काम संपलेलं दिसत नाही. म्हणून राग इथे थांबवते.

पण टेकडीवर हे पत्र हातात धरून वाचायचं नाही. कागदाला कोणीही हात लावू शकतं, ते आपण पाहिलं. आपल्या देवळात भजनं कशी शिकलीस? एनस एक ओळ म्हणायचा, आपण सगळे मागून म्हणायचो. तसंच. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी लोकांना परत टेकडीवर बोलावलंय. मी एकेक ओळ म्हणेन, तू माझ्यामागून म्हणायची, सगळ्यांसमोर. मग पुढच्या वर्षी मी असले नसले तरी चालेल. तुझ्या मुख्याध्यापकांनाही आण. त्यांना हसू आलं तर येऊ दे, तू थांबायचं नाहीस.

तुझी, वरून खालपर्यंत तुझीच,
आजी
(तिची फुली ×)

ता. क. एवढे लोक येणार म्हणजे सुक्या सफरचंदांचा थरांचा केक करावा लागेल, तोही दोन. इथल्या दुकानातल्या सुंठेचा वास उडालाय. थर शुक्रवारी लावले तर रविवारपर्यंत मुरतात, तेव्हा गुरुवारच्या टपालाने पोचेल अशी सुंठपुडीची मोठी डबी पाठव.