पैलवानाच्या आतड्यांविषयी आत्याला सविस्तर

९ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी ६ वाजून १० मिनिटे. पैलवानाच्या मागे जुने वर्तमानपत्र धरून उभा होतो. नमुना मिळाला. हात धुतले (दोनदा) आणि लिहायला बसलो.

तीर्थस्वरूप आत्या,

तुला साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण मी जमिनीवर आडवा झालो की तुझा कुत्रा पाठीवर चढून बसतो, म्हणून उभ्यानेच घातला असे समज. ताई आणि तिचे बाळ बरी असतील. (बाळाला दिवसातून किती वेळा होते आणि कशी होते, तेही कळव. आता मला त्यातले कळते.) तुझे पोट कसे आहे हे विचारत नाही. तू "ठणठणीत" म्हणशील आणि ताई मागून हसेल.

ताईकडे जाताना माझ्याकडे सोडलेल्या पैलवानाला रविवारी तू न्यायला येणार, तेव्हा त्याआधी सगळे कागदावर असलेले बरे. चार वर्षे त्याचे पोट सारखे बिघडते आणि चार वर्षे तू म्हणतेस की ते आपल्या घराण्यावर गेले आहे. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना मी तसेच सांगितले. त्या म्हणाल्या, "घराण्याचे राहू द्या, घरातले कोण काय खायला घालते ते सांगा." मी खरे ते सांगितले : रोज तुझ्या चहाबरोबर चार बिस्किटे, आणि पोट बिघडले की तुझ्याच डबीतली अर्धी गोळी. बिस्किटांवर त्यांनी फक्त सुस्कारा टाकला. अर्ध्या गोळीवर जे बोलल्या ते लिहीत नाही, कारण तू माझ्यापेक्षा मोठी आहेस.

त्यांनी समजावले ते असे. (मी नववीत शाळा सोडली, पण उतरवून घेताना चुकत नाही.) अशा दुखण्यात आतड्याला महिनोन्महिने सूज राहते. कारण जंत असतील, न मानवणारे अन्न असेल, आतड्यातले उपयोगी जंतू कमी झाले असतील, नाहीतर शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या आतड्यावर उलटली असेल. पुष्कळदा यातली दोन-तीन कारणे हातात हात घालून येतात. आधी शी तपासून जंत नाहीत याची खात्री करायची. मग आठ आठवडे, म्हणजे छप्पन्न दिवस, त्याने कधी न खाल्लेले एवढेच : उकडलेला मासा आणि उकडलेला बटाटा. त्याने भागले नाही तर औषधे. मध्ये एक बिस्कीट जरी गेले तरी मोजणी पुन्हा एकपासून. आता गंमत बघ, माणसांचे डॉक्टर माझ्या पोटाबद्दल सहा वर्षे जवळपास हेच सांगत आहेत, आणि मी मान डोलावून कोपऱ्यावरचे तळलेले घेऊन घरी येत होतो. पण पैलवानाच्या डोळ्यांदेखत मी तळलेले खायचे आणि त्याने बटाटा, हे मनाला पटेना. सारख्या आकाराच्या दोन ताटल्या आणल्या आणि मीही सुरुवात केली.

वजनकाटे दुरुस्त करणे हे माझे पोटापाण्याचे काम, त्यामुळे अंदाजपंचे काही नव्हते. मासा मोजून, बटाटा मोजून, पैलवानही रोज दुकानात मोजून. तू ठेवलेला बिस्किटांचा डबा घरात नको म्हणून तो दुकानाच्या मालकांच्या ताब्यात दिला आणि निर्धास्त झालो. (मी निर्धास्त झालो की काहीतरी होतेच.) दर बुधवारी आणि शनिवारी पैलवानाचे पोट बिघडू लागले. मी माशाला दोष दिला, हवेला दिला, एकदा वर्तमानपत्रालाही दिला. शेवटी २२ सप्टेंबर, शुक्रवारी, नुकत्याच तपासलेल्या काट्यावर त्याला जेवणाच्या सुट्टीआधी उभे केले : नऊ किलो तीनशे चाळीस. सुट्टीनंतर : नऊ किलो तीनशे ऐंशी. पाण्याचे भांडेही मोजून ठेवले होते, ते होते तेवढेच. झोपलेला कुत्रा तासाभरात चाळीस ग्रॅमने वाढत नाही. मी मालकांकडे पाहिले. मालकांनी छताकडे पाहिले.

"तुझ्या आत्याचा फोन येतो रे," ते म्हणाले, "मंगळवारी आणि शुक्रवारी. म्हणते, तो मापाचा माणूस काही द्यायचा नाही, तुम्हीच द्या चार."

"आणि तुम्ही दिलीत?"

"रडवेल्या आवाजाला नाही कसे म्हणायचे, ते तूच शिकव मला."

दुसऱ्या दिवसापासून मोजणी नव्याने. तेव्हापासून मालक फोनवर तुला "दिली, दिली" म्हणतात ते खोटे आहे, आणि ते म्हणताना पैलवान त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत असतो. त्या दोघांच्या वतीने मी माफी मागतो. आज आमचा अठ्ठेचाळिसावा दिवस. पैलवान साडेदहा किलो भरला. माझे म्हणशील तर ऑक्टोबरात मी दोन तास बसमध्ये बसलो आणि चक्क खिडकीबाहेरचे पाहिले. (एरवी मी फक्त पुढचा थांबा किती लांब आहे ते पाहतो.)

तुझा आज्ञेत नसलेला भाचा

ता. क. : त्याचे छप्पन्न दिवस १७ तारखेला भरतात. रविवारी नेलेस तर सगळे पाण्यात. तू त्याला एकही बिस्कीट देणार नाहीस असे म्हणशील. आत्या, मी तुला ओळखतो.

दुसरा ता. क. : त्यापेक्षा तूच इकडे राहायला ये. खिडकीजवळची खोली रिकामी केली आहे आणि तिसरी ताटली आणली आहे. आधी तुझ्या डॉक्टरांना दाखवू. आमचे जेवण तुला मानवेलच असे नाही. ताईने मला सगळे सांगितले आहे, तेव्हा "ठणठणीत" नको.

तिसरा ता. क. : डबा तुझा, म्हणून हिशेब.
ठेवून गेलीस : ६०
मालकांनी पैलवानाला दिली : २४
मालकांनी स्वतः खाल्ली : ९
मी खाल्ली : ३ (३१ ऑक्टोबर. तू त्याला न्यायला येतेस असे तुझे पत्र त्या दिवशी आले. तो समोरच बसला होता, पण त्याला दिले नाही.)
शिल्लक : २४
म्हणजे अठ्ठेचाळिसावा दिवस फक्त त्याचा. माझा आज नववा. सत्तेचाळीस राहिले आहेत, आणि एकट्याने बसले की बटाटा घशाखाली उतरत नाही.