इंजिनातलं औषध

६ जानेवारी, सोमवार

पुन्हा तोच आवाज! टिक-टिक-टिक. आधी सकाळी स्टार्ट केल्यावर दोन मिनिटं यायचा आणि जायचा. आज परळपासून शिवडीपर्यंत गेलाच नाही. शिकायला बसलेल्या बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून मीच मोठमोठ्याने बोलत होते. "क्लच हळू सोडा! आरसा बघा! डावीकडे बघा!" गाडीपेक्षा माझाच आवाज जास्त.

अकरा वर्षांची गाडी. एकच. दारावर लिहिलंय — दर्शना मोटर ट्रेनिंग स्कूल, फक्त महिलांसाठी. ती बंद म्हणजे स्कूल बंद. विचार नको.

७ जानेवारी

लालबागला धोंडूमामांच्या गॅरेजात नेली. माझ्या बाबांच्या गावचे, आमच्या घरातल्या सगळ्या गाड्या त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, दुसरं टोक कानाला. डॉक्टरसारखे डोळे मिटून उभे राहिले.

"बेअरिंग घासली हत, बाय. इंजिन खोलूक व्हया."

"किती दिवस?"

"धा दिस. पार्ट गावले तर."

दहा दिवस! या महिन्यात तीन बायकांची आरटीओला टेस्ट आहे. प्रॅक्टिस कशावर करतील? म्हटलं, फेब्रुवारीत आणते. मामा चिंधीला हात पुसत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं.

९ जानेवारी

स्वप्नील आला होता. माझा धाकटा भाऊ, स्वतःची टॅक्सी चालवतो, म्हणजे गाडीतलं सगळं त्यालाच कळतं. "ताई, खोलतेस कशाला? ते औषध मिळतं ना, ऑइलमध्ये टाकायचं. एक बाटली ओत, आवाज गायब! मी दर सर्व्हिसला टाकतो."

दीपकही पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "टाकून बघ की." नवरा म्हणून सल्ला दिला, झालं.

दुपारभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले. एक जण सांगतो अमृत आहे, इंजिनाचं आयुष्य दुप्पट. दुसरा म्हणतो निव्वळ बनवाबनवी. खाली हजार लोक एकमेकांना शिव्या देतायत. शेवटी गाडीच्या कप्प्यातून कंपनीचं पुस्तक काढलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा उघडलं! त्यात सरळ लिहिलंय — सांगितलेल्या ऑइलशिवाय दुसरं काहीही मिसळू नये.

पुस्तक परत ठेवलं. लिहिणाऱ्यांना काय, त्यांच्यासमोर नवीनच गाडी असते.

१० जानेवारी

टाकलं. मधासारखं दाट. बाटली उलटी धरून उभी होते, संपता संपेना. मग इंजिन चालू केलं, पंधरा मिनिटं तसंच ठेवलं.

आवाज गेला!! खरंच गेला. दोनदा बॉनेट उघडून ऐकलं. जेवण गोड लागलं आज.

१३ जानेवारी

राधाबाईंची आज अकरावी फेरी. माझ्या सगळ्यांत मोठ्या विद्यार्थिनी, एकसष्ट वर्षांच्या. परळच्या एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं आयाचं काम केलं, आता रिटायर. राहतात शीव कोळीवाड्यात, पण शिकायला इथे येतात. मी विचारलं होतं, एवढ्या लांब कशाला? म्हणाल्या, "तिथं शिकले तर सगळी गल्ली दारात उभी राहून हसेल, मॅडम. आधी येऊ दे, मग दाखवते."

धाकटी बहीण ललिता त्यांच्याजवळ असते. गुडघे पार गेलेत. दोन वर्षांत घराबाहेर पडली ती फक्त ॲम्ब्युलन्समधून. "तिला एकदा ॲम्ब्युलन्सशिवाय बाहेर काढायचंय," म्हणाल्या. भाच्याची गाडी दारात नुसती उभी असते. बस, तेवढ्यासाठी शिकतायत.

हात काय स्थिर आहे बाईंचा! माझ्यापेक्षा.

१४ जानेवारी

मामांना तिळगूळ द्यायला गेले आणि न विचारता सगळं सांगून बसले. मामा हसले नाहीत.

"आवाज गेलो म्हणान दुखणा गेला असा नाय गो. ऑइलात जा काय घालूचा ता कंपनीवाले घालूनच देतत. चांगल्या इंजिनाक ह्या लागणा नाय आणि आजारी इंजिन ह्याने बरा होणा नाय. तू ऑइल दाट केलंस, म्हणान ता गप बसला."

मी म्हटलं, टेस्ट झाल्या की लगेच आणते. शप्पथ.

"माका कित्याक शप्पथ घालतंस?" म्हणाले.

१७ जानेवारी

आवाज नाही. आवाज नाही म्हणून जास्त भीती वाटते. पूर्वी निदान कळायचं तरी.

२० जानेवारी, सोमवार

नायगावच्या सिग्नलला राधाबाई म्हणाल्या, "मॅडम, ही लाल बत्ती कसली? किटलीसारखं चित्र आहे."

मी बघितलं. ऑइलची बत्ती! आणि तोंडातून काय निघालं — "राहू दे हो, जुनी गाडी आहे. सेन्सर येडा झालाय."

"बरं," म्हणाल्या. सिग्नल सुटला, गाडी पळायला लागली, बत्ती विझली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी मॅडम ना!

घरी येऊन डिपस्टिक काढली. ऑइल पुरेसं दिसतंय. मग बत्ती का? परवा राधाबाईंची शेवटची मोठी फेरी, शुक्रवारी टेस्ट. चार दिवस. फक्त चार दिवस काढ गं बाई.

२२ जानेवारी, बुधवार

अक्षर बघा कसं आलंय.

सकाळी साडेसात. लालबागच्या पुलावर राधाबाई चालवत होत्या, तिसरा गिअर, सगळं छान. बत्ती एकदा लागली, विझली. मी खिडकीबाहेर बघितलं. मुद्दाम. मग खालून लोखंड आपटल्यासारखी खडखड सुरू झाली, आणि मी काही म्हणायच्या आत धाडकन इंजिन जाम! गाडी खेचल्यासारखी थांबायला लागली, मागून बसचा हॉर्न — अगदी कानात.

माझ्या पायाशी दुसरा क्लच आहे, दुसरा ब्रेक आहे. त्यासाठीच मी त्या सीटवर असते. मी काहीच केलं नाही. पाय हललाच नाही! दोन्ही हातांनी सीट धरून बसले.

राधाबाईंनी क्लच दाबला. स्टिअरिंग दगडासारखं जड झालेलं, ते दोन्ही हातांनी ओढत गाडी डावीकडे कठड्याला नेली. बस आमच्या आरशाला घासून गेली. आरसा तुटून लोंबत होता. माणसाला कुणाला काही नाही. कुणालाच काही नाही!

हवालदार आला. "काय झालं, बाई?"

मी तोंड उघडणार, तर राधाबाईच म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं, साहेब. शिकतेय मी. गिअर चुकीचा पडला असणार."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली.

२३ जानेवारी

दीपकने विचारलं, काय झालं नेमकं? म्हटलं, शिकणाऱ्या बाईंनी गिअर चुकवला. किती सहज निघालं! त्याने चहा करून दिला, पाठीवर हात ठेवला. चहा गेला नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज त्यांची टेस्ट होती. गेल्याच नाहीत.

मामांनी इंजिन खोललं. बेअरिंगचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. वरचा चकचकीत थर गेलेला, आतलं तांबं उघडं. "तुझ्या बाईन गिअर उलटो टाकल्यान की सुलटो, काय फरक पडणार नाय होतो. ह्या कधीच मेल्ला. नुसता उभा होता."

"मामा, हे दीपकला सांगू नका."

"माका इचारल्यान तर सांगतलंय," म्हणाले आणि आत गेले.

२५ जानेवारी

औषधामुळे झालं का? तेही नाही. ते टाकलं नसतं तरी इंजिन जाणारच होतं. फक्त ओरडत गेलं असतं, आणि मला थांबावं लागलं असतं. औषधाला काय बोलू, टिकटिक बंद कुणाला हवी होती? मलाच.

२७ जानेवारी

राधाबाईंना पाच फोन केले. सहावा बहिणीने उचलला, ललिताताईंनी. आवाज राधाबाईंसारखाच, जरा खरखरीत.

"ती नाही येणार आता. भाच्याला चावी परत दिली. म्हणते, माझ्या हातून कुणीतरी मेलं असतं. जेवतानासुद्धा हात बघते स्वतःचे. तुम्हीच जरा समजावा ना मॅडम, तुमचं ऐकते ती."

मी म्हटलं, हो, समजावते.

काय समजावणार!

२८ जानेवारी

गेले नाही. कपड्यांना इस्त्री केली. दीपकचे, माझे, पडदेसुद्धा.

२९ जानेवारी, बुधवार

गेले.

शीव कोळीवाड्यातली अरुंद गल्ली, दाराला दार. ललिताताई दाराजवळच्या खाटेवर बसून ताटात सुकट निवडत होत्या. मला बघून हसल्या, "राधा, मॅडम आल्या गं!" राधाबाई आतून पदराला हात पुसत आल्या. चेहरा उतरलेला. मला बसायला सांगितलं. मी बसले नाही, बसले असते तर बोलता आलं नसतं.

"चूक तुमची नव्हती, राधाबाई. इंजिन आधीच खराब होतं. मेकॅनिकने मला सांगितलं होतं, इंजिन खोलावं लागेल म्हणून. मी त्यात औषध टाकून आवाज दाबला आणि तुम्हाला बसवलं."

त्या बघत राहिल्या. "बत्ती मी दाखवली होती."

"हो."

"तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि पुलावर? हवालदारासमोर?"

मी खाली बघितलं.

"आज सात दिवस झाले." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "एकतीस वर्षं ह्या हातांनी पेशंट उचलले मी. एक कधी पडू दिला नाही. आणि सात दिवस ह्याच हातांनी हिला साधं पाणी द्यायची भीती वाटली मला. तुम्ही त्याच दिवशी एक फोन करून सांगायचं होतंत. तुम्ही मॅडम होतात माझ्या."

"माझं चुकलं. तुम्हीच वाचवलंत त्या दिवशी, मी तर—"

"ते मला सांगू नका. मी काय केलं ते मला आता कळलं. जा तुम्ही."

ललिताताईंनी मान वर केली नाही. सुकट निवडत राहिल्या. मी चपला हातात घेऊनच गल्लीच्या तोंडापर्यंत आले.

३० जानेवारी

दीपकला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ती बाई कुठे विचारायला आली होती? कशाला गेलीस?" मग थोड्या वेळाने, "पुलावर बस अंगावर आली असती तर?" मग उठून गॅलरीत गेला. तिथेच उभा होता.

८ फेब्रुवारी

बाकीच्या दोघींनाही फोन करून खरं काय ते सांगितलं. एक म्हणाली, बरं झालं सांगितलंत, गाडी झाली की कळवा. दुसरीने दुसऱ्या स्कूलला नाव घातलं. घालावंच.

१५ फेब्रुवारी

गाडी आली, इंजिन नव्याने बांधून. मामांनी नवीन ऑइल भरलं, पुस्तकात लिहिलंय तेच. स्वप्नील होता सोबत. "आता नवीन इंजिनात एक बाटली टाकूनच ठेव ना, ताई, आवाज येणारच नाही."

"येऊ दे," म्हटलं. "मला ऐकू आला पाहिजे."

डाव्या सीटवर बसायची मात्र हिंमत होत नाही. पुढ्यात दोन पेडल आहेत आणि मला त्या दिवशीचा माझा पाय दिसतो. एकटीच चालवते. शिवडीपर्यंत जाते, परत येते. नवीन नावं अजून घेतली नाहीत.

२ मार्च

राधाबाईंना मेसेज लिहिला, तीनदा पुसला. नाही पाठवला. त्यांनी जा म्हटलंय.

९ मार्च, रविवार

दुपारी फोन. ललिताताई! मागे वारा, गाड्या.

"मॅडम, राधाने दुसरीकडे शिकून टेस्ट दिली. पास झाली परवा. तुम्हाला सांगायचं नाही म्हणालीय, म्हणून सांगतेय."

मी फोन कानाशी घट्ट धरला. तोवर तिकडून गाडीचा हॉर्न, आणि राधाबाईंचा आवाज, स्टिअरिंगमागून — "कुणाशी बोलतेस गं?"

"कुणाशी नाही!" ललिताताई ओरडल्या. मग हळूच मला, "ठेवते हं. समुद्र आला."