टॅगसकट कुर्ते

गुरुवार संध्याकाळ, नागपूर

माझी कात्री आता विद्यापीठातल्या अख्ख्या विभागाची झाली आहे. पार्सल फोडायला पोरं, प्राध्यापक, सगळे तीच नेतात. सर्वांत जास्त आमच्या कारकून वंदनाताई. घरी कळू नये म्हणून कुर्ते इथे मागवतात, पाहतात, टॅगसकट ऑफिसच्या कपाटात कोंबतात. लगेच पुन्हा नवी ऑर्डर. थांबणार कधी?

आज कुरिअरवाल्याला दारातूनच म्हणाल्या, "वापस ने गा भाऊ, मले नाही पाहिजे." बरं वाटलं. पण तासाभरात आल्याच, "सर, कात्री द्या." खट्टू होऊन दिली.

पाहतो तर कपाटातला जांभळा कुर्ता काढून टॅग कापून राहिल्या होत्या.

"उद्या घालून येते. हसाल तर पाहा!"

कात्री अजून परत आलेली नाही. असू दे. कपाटात बरेच कुर्ते आहेत.