तोफ तिथे नव्हती

दि. १४, गुरुवार, दुपार

चि. धाकट्यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं सामान काल पोचलं. ट्रंक एक, लोकरी स्वेटर दोन, घड्याळ, दाढीचं सामान. तुमच्या ट्रकच्या ड्रायव्हरने रजेवर येताना स्वतः आणून दिलं. रिक्षाचे साठ घेत नव्हता, खिशात कोंबले. थंडी सरली नसताना स्वेटर परत का, ते तू सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं नाहीस.

इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो. नळाला दिवसाआड पाणी. ताई महिन्याने येते आणि दारातूनच जाते. घर फार गप्प असतं म्हणून मी भांडी जरा वाजवूनच घासते. शेजारीण विचारत होती, काकूंकडे पाहुणे आलेत का.

ड्रायव्हरला जेवायला बसवलं. तुमचं रडार म्हणजे काय ते त्याने समजावलं. ट्रकवरची पाटी उभी केली की पलीकडून येणारा तोफेचा गोळा आकाशातच दिसतो, आणि तो कुठून सुटला ते तू आत बसून सांगतोस. आपले गोळे किती डावी-उजवीकडे घ्यायचे, तेही तूच. मग पाटी पाडून लगेच पळायचं, नाहीतर पलीकडच्यांना तुमचा पत्ता लागतो. मी म्हटलं, लहानपणी याला शेजारच्या गल्लीतून घर सापडत नव्हतं. हसला बिचारा. मग ताट बाजूला सारून त्याने त्या दिवसाचं सांगितलं.

जागा तू बरोबर सांगितलीस म्हणे. पण तोफ गोळा टाकून केव्हाच निघून गेली होती, आणि आपले गोळे पडले तेव्हा तिथे माणसं पाणी भरत होती. साहेब म्हणाले, आकडे चोख होते. तेव्हापासून तू कोणाशी बोलत नाहीस. मिळालेली रजा दुसऱ्याला दिलीस. आणि गेल्या आठवड्यात ट्रक निघाला तरी तू खाली उभाच. "मावशी, दोघांनी ओढून आत घेतला त्याला," म्हणाला.

सामान का पाठवलंस ते मला तेव्हा कळलं.

चिठ्ठीत एकच ओळ लिहिलीस, आई, हे पाप कोणाचं? सकाळी देवापुढे बराच वेळ बसले. त्याने काही सांगितलं नाही, आणि त्याच्या वतीने मी बोलणार नाही. तुझा दोष नाही असंही लिहीत नाही. ते साहेबांनी सांगून झालं, त्याने तुझं भागलं नाही. त्या माणसांची नावं मला ठाऊक नाहीत. आजपासून आधी त्यांच्यासाठी हात जोडते, मग तुझ्यासाठी. तुझ्यासाठी मागताना जीभ अडखळते, तरी मागते.

तू मेलास म्हणून त्यांच्यातलं कोणी उठून घरी जाणार नाही, बाळा. ट्रक निघाला की आत चढ. एवढं माझं ऐक. आणि ये. मी काही विचारणार नाही. बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर भिंतीकडे तोंड करून झोप. दुसऱ्या खोलीत कोणी खोकलं तरी मला पुरे आहे.

रजेचा अर्ज आजच दे. दिलास एवढाच शब्द उलट टपाली कळव.

वाट पाहणारी,
तुझी आई